बेडकीचे ब्रेक

"आई, पेडल परत तळाला गेलं," गाडीत बसलेली मुलगी म्हणाली.

"सोड. आता हळूहळू दाब, आणि मी म्हणेपर्यंत धरून ठेव."

कुशनवाली पुढच्या चाकाच्या जागी फरशीवर आडवी झाली होती. चाक काढलेलं, गाडी लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवलेली, आणि तिच्या कोपरावरून ब्रेक ऑइल ओघळत होतं. तिने पान्याने हवा काढायचं निपल सैल केलं. नळीतून तेल आलं, नुसतं तेल. तिने निपल आवळलं.

"आता?"

"तळाला."

ब्रेकमध्ये कुठेतरी हवा अडकली होती. ती निघेपर्यंत पेडल असंच चिखलात पाय रुतल्यासारखं खाली जाणार, एवढं तिला ठाऊक होतं. हवा निघत का नाही, ते मात्र कळत नव्हतं. सकाळी फोडलेला तेलाचा डबा संपत आला होता.

"उद्या," दाराजवळच्या खुर्चीतून तिचा नवरा म्हणाला. मग जोरात, "उद्या, उद्या." डाव्या हाताचं बोट त्याने छताकडे केलं होतं.

"उद्या नाही हो. आजच संपवायचंय हे."

"च्यायला," तो म्हणाला आणि बोट आणखी वर केलं.

त्याला सगळे फोरमन म्हणत. बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर तो घराखालच्या शेडमध्ये लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचा. त्याच शेडच्या कोपऱ्यात हिचं शिलाई मशीन. गाड्यांच्या गाद्या, कव्हरं शिवायची, म्हणून ही कुशनवाली. गाडी कधी मिळेल असं कुणी विचारलं की फोरमनचं उत्तर ठरलेलं, 'उद्या'. गिऱ्हाईकं त्यावरून त्याची चेष्टा करत. मग त्याला झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय फरफटू लागला, आणि भाषा गेली. उरले दोनच शब्द. वर्षानुवर्षं जिभेवर घोळलेलं कधीकधी तेवढं टिकतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. समजत त्याला सगळं होतं, बाहेर येत नव्हतं. भूक लागली तरी उद्या, पंखा लावायचा तरी उद्या. समोरच्याला कळलं नाही की च्यायला.

गाडी त्याचीच होती. जुन्या जमान्यातली, दोन दारांची, भंगारातून आणलेली. छप्पर कापून बुटकं केलेलं, पुढची मडगार्डं काढून टाकलेली, आणि बॉनेटमध्ये मावत नाही एवढं इंजिन. शौकीन लोक असल्या गाडीला हॉट रॉड म्हणतात. गल्ली तिला बेडकी म्हणायची. इंजिन नवं दमदार, पण ब्रेक आणि स्टिअरिंग आजोबांच्या काळातलं, म्हणून फोरमनने बाजारातून डिस्क ब्रेक आणि स्टिअरिंग बॉक्स मागवला होता. खोकी घरी आली तेव्हा तो दवाखान्यात होता.

'कोणत्याही जुन्या गाडीला बसेल,' असं खोक्यावर छापलं होतं. बेडकी सोडून कोणत्याही, असा त्याचा अर्थ निघाला. ब्रेक बसवायच्या पट्टीची भोकं जुळेनात. जुळवली तर बोल्ट आखूड. लांब बोल्ट आणले तर ते चाकाला घासायला लागले. कुशनवालीने आयुष्यभर फोरमनच्या हातात पाने दिले होते. कोणता पाना कुठे लागतो हे तिला पाठ होतं, पण देणं वेगळं आणि फिरवणं वेगळं.

हे सगळं करायची वेळ आली ती जिन्यामुळे. घर वर, शेड खाली, आणि फोरमनला जिना झेपेना. शेडचीच खोली करून त्याला खाली आणायचं मुलीने ठरवलं, गवंडीही सांगून ठेवला. बेडकी मुलीच्या घराच्या आवारात राहू शकत होती, पण तिथवर स्वतःच्या चाकांनी गेली तर. नाहीतर भंगारवाला तुकडे करून न्यायला तयारच होता. हे ऐकलं त्या दिवशी फोरमनने समोरचं ताट डाव्या हाताने भिरकावलं होतं. भिंतीवरचे डाग पुसून झाल्यावर कुशनवालीने पाना उचलला.

"उद्या," फोरमनचं बोट अजून वरच होतं.

"वर जायचंय का तुम्हाला? पाठ भरून आली?"

त्याने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. तिने हात पुसले, मुलीला हाक मारली, आणि दोघींनी त्याला जिन्याकडे नेलं. तो अंग टाकून देत होता. कुशनवाली मागून ढकलत होती, मुलगी पुढून ओढत होती. पलंगावर बसवल्यावर त्याने उशीवर मूठ आपटली, पुन्हा आपटली, आणि मग तोंड फिरवून रडायला लागला.

"आई, बास झालं आता," स्वयंपाकघरात आल्यावर मुलगी म्हणाली. "गवंडी दोनदा येऊन गेला. तू दिवसभर त्या गाडीखाली, बाबा तिथे उपाशी बसलेले. कशासाठी?"

"त्यांना काहीतरी सांगायचंय."

"त्यांना रोजच काहीतरी सांगायचं असतं गं. आपल्याला कळत नाही, त्याला आपण काय करणार?"

कुशनवालीने भात लावला.

दुसऱ्या दिवशी फोरमनला खाली आणल्याबरोबर त्याने पुन्हा बोट वर केलं. कुशनवाली त्याच्याकडे न बघता फरशीवर बसली. तेव्हा त्याने खुर्चीशेजारची ब्रेक ऑइलची अर्धवट भरलेली, आरपार दिसणारी बाटली उचलली, मांड्यांत धरून डाव्या हाताने बूच घट्ट केलं, आणि बाटली तिच्या तोंडासमोर धरून उलटी केली.

"आता हे काय?"

त्याने ती सुलटी केली. परत उलटी केली. "उद्या," तो अगदी सावकाश म्हणाला, लहान मुलाला शिकवावं तसं. बाटलीतला हवेचा फुगा दर वेळी वरच्या टोकाला जात होता.

कुशनवालीने फुग्याकडे पाहिलं, मग ब्रेककडे. डिस्कला धरणाऱ्या जबड्याला कॅलिपर म्हणतात, आणि हवा काढायचं निपल त्या कॅलिपरच्या तळाशी होतं. हवा वर बसणार आणि ती खालून काढायला बघत होती. निपल वर असायला हवं होतं. म्हणजे डाव्या चाकाचा कॅलिपर तिने उजवीकडे बसवला होता, आणि उजवीकडचा डावीकडे.

"अरे देवा," ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला जिना चढवला."

"च्यायला," फोरमन म्हणाला, पण मऊ आवाजात.

कॅलिपर अदलाबदल करण्यात दुपार गेली. संध्याकाळी मुलीने पेडल दाबलं, आणि ते निम्म्यावर येऊन दगडासारखं थांबलं. तिला स्वतःलाच खरं वाटेना. ती दाबतच राहिली.

त्या आनंदात कुशनवालीने चाकं चढवली, गाडी घोड्यांवरच ठेवून आत बसली आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. खुर्चीतला फोरमन पुढे झुकला. त्याचा चेहरा उतरला. तिने खिडकीतून डोकं काढून पाहिलं. चाकं डावीकडे वळली होती.

तिने डावीकडे फिरवलं. चाकं उजवीकडे.

स्टिअरिंग बॉक्स बसवायला तिने अख्खा आठवडा घातला होता. दोन्ही हातांची सालं निघाली होती. ती गाडीतून उतरली, पाना भिंतीवर फेकला, आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कुणासाठी चाललंय हे सगळं? सांगा ना. तुम्ही ही गाडी आता कधीच चालवणार नाही. तुम्हाला माहितीये, मला माहितीये. मग कशाला जीव खाताय माझा?"

मुलगी "आई" एवढंच म्हणाली. फोरमन बायकोकडे बघत राहिला. त्या रात्री जिना चढताना त्याने अंग टाकलं नाही, एकेक पायरी स्वतःच्या जोरावर चढला. ते जास्त लागलं तिला.

सकाळी जाग आली तेव्हा पलंगाची त्याची बाजू रिकामी होती. ती धावत जिन्यापाशी आली. पायऱ्यांवरची धूळ मधोमध पुसली गेली होती. तो बसून, एकेक पायरी घसरत खाली गेला होता. शेडचा दिवा लागलेला होता आणि बेडकीखालून दोन पाय बाहेर आले होते.

"अहो," तिने हाक मारली.

"उद्या," गाडीखालून आवाज आला.

ती वाकली. तो उताणा पडला होता, डाव्या हातात पाना, कपाळावर ग्रीस. बॉक्सचा एक बोल्ट त्याने सैल केला होता. त्याच एका हाताने त्याला किती वेळ लागला असेल, याचा विचार तिने केला नाही. तो हाताचा पंजा पालथा करून दाखवत होता, मग उताणा. पालथा, उताणा.

"बॉक्स उलटा करून बसवायचा?"

त्याने डोळे मिटले आणि उघडले.

ती त्याच्याशेजारी सरकली. तिथे दोन माणसांना जागा नव्हती, खांद्याला खांदा लागत होता. काल बोललेलं परत घ्यावं असं तिच्या मनात आलं. पण ते खोटं नव्हतं, आणि त्याला ते माहीत होतं.

"धरा तिकडून," ती म्हणाली, आणि दुसऱ्या बोल्टला पाना लावला.

उलटा बॉक्स सरळ बसायला नवी भोकं पाडावी लागली, एक पट्टी कापावी लागली, आणि मध्ये एकदा दोघं एकमेकांवर इतकी चिडली की जेवणं वेगवेगळी झाली. पण स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की चाकं उजवीकडे जाऊ लागली.

बेडकी बाहेर काढायची त्या सकाळी मुलगी आवर्जून आली. इंजिन धडधडायला लागलं तशी शेजारची माणसं दारात आली. मुलीने स्टिअरिंगकडचं दार उघडून धरलं.

"बाबा, एकदा बसून घ्या. आई नंतर बसेल."

फोरमनने नकारार्थी मान हलवली. डावा हात बॉनेटवर टेकवत, उजवा पाय ओढत तो गाडीच्या नाकावरून वळसा घालून पलीकडे गेला आणि दुसरं दार स्वतः उघडलं. आधी बसला, मग निर्जीव पाय हाताने उचलून आत घेतला.

कव्हरं पोचवायला कुशनवालीने वर्षानुवर्षं व्हॅन चालवली होती, पण ही गाडी पायाचा नुसता भार पडला तरी उसळत होती. गल्लीतून ती चालत्या माणसाच्या वेगाने निघाली. फोरमन सरळ समोर बघत होता. चौकात एक सायकलवाला अचानक आडवा आला आणि तिने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. सायकलवाला मागे न बघता निघून गेला.

तिने शेजारी पाहिलं. फोरमनचा डावा पाय ताठ होऊन पुढे गेला होता आणि बुटाचं टोक जिवाच्या कराराने खाली रोवलेलं होतं. तिथे पेडल नव्हतं, नुसता पत्रा होता. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. त्याचा पाय मागे येईपर्यंत ती थांबली, आणि मग गाडी पुढे घेतली.