कूलर नाही, सर्व्हर

मी लग्नात बायकांच्या बाजूचं शूटिंग करते. हळद, मेंदी, आतल्या खोलीतला नाच, म्हणजे जिथे पुरुष कॅमेरावाल्याला कुणी फिरकू देत नाही तिथलं सगळं. कॅमेरा सुरू करायच्या आधी मी सगळ्यांसमोर एकच शब्द देते, "नवरीची कॉपी सोडली तर हे माझ्या घराबाहेर जाणार नाही." त्या शब्दावरच धरणगावच्या बायका, हिंदू काय अन् मुसलमान काय, माझ्यासमोर मोकळ्या होतात. कुणी नवऱ्याची पँट चढवते, कुणी काजळाची मिशी काढते. नऊ वर्षांत माझा शब्द एकदाही मोडला नाही.

मला ऑर्डरी मिळायच्या त्या जळगावच्या प्रेमराजभाऊंच्या स्टुडिओकडून. यंदा त्यांनी नवा नियम काढला. सगळं मूळ शूटिंग त्यांच्या इंटरनेटवरच्या खात्यात चढवायचं, जुनंसुद्धा. त्यातून त्यांची माणसं रील्स कापणार.

"नाजमीनताई, खरा मसाला लेडीज साइडलाच असतो," ते म्हणाले.

आयत्या बिळावर नागोबा! बायका नाचणार, मी पाठ मोडेस्तोवर कॅमेरा धरणार आणि मसाला यांचा. मी चक्क नाही म्हणाले.

"मग काय, घरात ठेवणार? चव्वेचाळीस डिग्रीत डिस्क भाजून निघतील."

"भाजल्या तर माझ्या भाजतील," मी म्हटलं.

बोलले खरी, पण डिस्का सुट्या, पिशवीत पडलेल्या. एक तर आतून टकटक करायला लागली होती. मग मी हट्टाला पेटले. जळगावच्या भंगारवाल्याकडून एका ऑफिसने टाकून दिलेला कॉम्प्युटर उचलला. चार मोठ्या डिस्का घेऊन त्यांच्या दोन जोड्या लावल्या, जुनं सगळं त्यांवर उतरवलं आणि जुन्या डिस्का पुसून मोडीत काढल्या. जोडीतल्या दोन्हींवर तेच शूटिंग, म्हणजे एक मेली तरी दुसरी आहेच. डिस्का चालवणारी यंत्रणा बसवली एका पेनड्राइव्हवर, म्हणजे कॉम्प्युटर कुठलाही चालेल, व्हिडिओ बघत बघत, चुकत, स्वतःलाच शिव्या घालत.

पेटी अब्बांनी केली. माझे अब्बा, हबीब कूलरवाले. पत्र्याचं काम त्यांच्या हातात बसलेलं. तिन्ही बाजूंना जाळी, मागे एक्झॉस्ट फॅन, खाली कॉम्प्युटर, वर डिस्कांसाठी आठ कप्पे.

"चार खाली क्यों?" रिकामे कप्पे दाखवत त्यांनी विचारलं.

"लग्नं थांबणार आहेत का, अब्बा?"

ते हसले आणि कूलरच्या उरलेल्या राखाडी रंगाचा हात मारून दिला. पेटी, म्हणजे माझा घरचा सर्व्हर, कोपऱ्यात घरघरायला लागली. मला इतका आनंद झाला की मी तिच्यावरून दोनदा उगाच फडकं फिरवलं.

मे महिन्यात एका दुपारी मी शिरपूरच्या लग्नाहून परतले, तर दारात शेजारच्या कमलअक्का उभ्या, माझी किल्ली त्यांच्याकडेच असते. चेहरा पडलेला, हातात रिकामी बादली.

"पोरी, तुन्हा कूलर कोरडाच चाली ऱ्हायंता. मी एक बादली पानी टाकी दिन्हं. मंग फट्टकन आवाज व्हयना."

मी धावत जाऊन प्लग उपटला. खानदेशात मे महिन्यात पत्र्याची पेटी घरघरताना दिसली की माणूस पाणीच ओतणार, अक्कांची काय चूक? त्यांनी बाजूच्या खालच्या झडपेतून ओतलं होतं. खालचा कॉम्प्युटर भिजून जळाला होता. वरच्या कप्प्यांना पाणी लागलं नव्हतं, पण त्या विजेच्या झटक्यानं डिस्का जिवंत राहिल्या की गेल्या, कुणास ठाऊक. नऊ वर्षांतल्या सगळ्या बायका त्यात होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

धरणगावात बातमीला पाय फुटत नाहीत, पंख फुटतात. तासाभरात प्रेमराजभाऊंचा फोन. मी फरशीवरचं पाणी पुसत होते म्हणून स्पीकरवर टाकला.

"सांगितलं नव्हतं? आता गाडी पाठवतो. डिस्का द्या, आमचा माणूस जिवंत करेल. पण मग सगळं आमच्या खात्यात राहील. ऐका, ताई, नाहीतर सगळंच जाईल."

खरं सांगते, क्षणभर वाटलं, देऊन टाकावं. नसण्यापेक्षा त्यांच्याकडे असलेलं काय वाईट? पण मी अक्कांकडे पाहिलं. पोरीच्या हळदीत त्यांनी सासऱ्याची अशी नक्कल केली होती की बायका हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या. हे उद्या गावभर मोबाइलवर फिरणार?

अक्का बादली तिथेच टाकून घरी धावल्या. आल्या त्या डोक्यावर गाठोडं घेऊन. आत कॉम्प्युटर! पोरगा पुण्यात नोकरीला लागल्यापासून चादरीत बांधून ठेवलेला.

"हाऊ चालई का?"

"बघू," मी म्हटलं.

चारही डिस्का पुसून त्याला जोडल्या, पेनड्राइव्ह कोरडा करून खोचला, बटण दाबलं. अक्का पदराचं टोक दातात धरून उभ्या होत्या. पडदा बराच वेळ काळा. मग एकेक नाव उमटलं. चारही डिस्कांपुढे हिरवी खूण, म्हणजे शाबूत. मी अक्कांना मिठी मारली, त्यांच्या खांद्यावर नाक पुसलं.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. प्रेमराजभाऊंची गाडी. ड्रायव्हरला म्हटलं, "रिकामी घेऊन जा." लगेच फोन आला.

"उद्यापासून एकही ऑर्डर मिळणार नाही."

"नका देऊ. बायका मला बोलावतात, तुमच्या पाटीला नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आत आले तर अक्का पडद्यासमोर मांडी घालून बसलेल्या.

"माले मन्हं दखाड. मी कधी देखंच नही."

मी लावलं. पडद्यावर अक्का धोतर सावरत, काठी आपटत, सुनांवर खेकसत होत्या. खाली बसलेल्या अक्का आधी हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या.

"इतली भारी करी व्हती मी?"

"इतकी भारी."

मग कमरेला पदर खोचून उठल्या.

"आखो एकदाव लाव, पोरी. थांब, मन्हा सासराले बलाई लई येस."

"अक्का, नक्की?"

"मन्हं शे ना ते? मंग मीच ठरावसु, कोनले दखाडानं."