लिंकमधून अर्ज होणार नाही

"लिंकमधून अर्ज तयार होणार नाही. मी तसं करणार नाही," ती म्हणाली आणि साहेबांच्या टेबलावर टेकवलेले हात तिने तसेच ठेवले.

शेजारी कारखान्याचे मॅनेजर बसले होते. त्यांच्या कामगारांना स्वेच्छानिवृत्तीची मेल जायची होती आणि ती तिने तयार करायची होती. खाली एक लिंक, तिला बोट लागलं की अर्ज दाखल. दाखल झालेला अर्ज मागे घेता येणार नाही, अशीही एक बारीक ओळ होती.

"अडचण काय आहे तुझी?" साहेबांचा आवाज गोड झाला, म्हणजे पारा चढत होता.

"लिंक बघायला असते, साहेब. पान उघडायचं, वाचायचं, परत यायचं. नवीन काही तयार करायचं तर बटण हवं, माणसाने समजून दाबलेलं. आणि कारखान्याच्या मेलवर तपासणीचा प्रोग्रॅम बसवलाय. मेल माणसाच्या हातात पडायच्या आधी तो प्रत्येक लिंक उघडून बघतो, व्हायरस आहे का म्हणून. बटणं तो दाबत नाही."

"तुझं आपलं काहीतरीच!"

तिने वाद घातला नाही. चाचणीची मेल तिने मॅनेजरांच्याच पत्त्यावर पाठवून दिली. "फोन खिशातच राहू द्या," ती म्हणाली. थोड्याच वेळात भिंतीवरच्या स्क्रीनवर मॅनेजरांचं नाव आलं, हुद्दा आला आणि पुढे 'स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दाखल.'

मॅनेजर खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, काढा ते! मी कुठे काय केलंय?"

"काढते. पण बाकीच्यांनी हे कुणाला सांगायचं?"

मॅनेजरांनी घाम पुसला, साहेबांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "तरी लिंकच राहू द्या. तक्रारी आल्या तर आम्ही बघून घेऊ."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इतका वेळ ती समजत होती की यांना कळत नाहीये.

मॅनेजर गेल्यावर साहेबांनी दार लावलं. "तुझा मामा आहे ना तिथे पॅकिंगला? म्हणून एवढा पुळका."

"मामापुरतं असतं तर त्याला घरी सांगून मोकळी झाले असते."

"हे काम हातचं गेलं तर पगार कुठून देऊ मी? उद्यापासून तुझ्या शेजारचा दाढीवाला करेल हे. आणि तू स्वतःहून राजीनामा दे. दोघांचीही अब्रू राहील."

"काढायचं तर काढून टाका, आणि तसं लिहून द्या. मी न केलेली गोष्ट माझ्या नावावर चढणार नाही."

घरी आईने कपाळाला हात लावला. "जरा नमतं घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं?" घर तिच्याच पगारावर चालत होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. भीती वाटतच होती.

जेवायला आलेला मामा म्हणाला, "घाबरू नकोस गं. मी कुठलीच लिंक उघडत नाही."

"तू उघडायची गरजच नाही, मामा," ती म्हणाली आणि तिला रडू आलं.

सकाळी ती नेहमीच्या वेळेला ऑफिसात आली. पासवर्ड बंद झाला होता. ती तरीही आपल्याच खुर्चीत बसली आणि समोरचा काळा स्क्रीन तिने रुमालाने स्वच्छ पुसला.

शेजारी दाढीवाला काम करत होता. साहेबांपुढे त्याने आजवर कधी ब्र काढला नव्हता. त्याने आपला स्क्रीन तिच्याकडे वळवला. लिंकवरून फक्त एक पान उघडत होतं. पानाच्या तळाशी बटण होतं : 'होय, हा अर्ज मीच करतो आहे.'

"साहेबांना दाखवलंस?"

"विचारलं तर सांगेन की मला दुसरं काही करता येत नाही."

तेवढ्यात साहेबांच्या खोलीचं दार उघडलं. दाढीवाल्याची मान खाली गेली. तिने मात्र आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"अक्षर मोठं कर," ती म्हणाली, साहेबांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात. "मामाला चष्म्याशिवाय दिसत नाही."