सातव्या रिळाचे जोड

डिंकताईने पांढरे हातमोजे काढून टेबलावर आपटले. कापडी हातमोज्यांचा आवाज होत नाही, त्यामुळे रागही फुकट गेला. समोर तोच अर्ज तिसऱ्यांदा परत येऊन पडला होता आणि त्याच्या कोपऱ्यात, आधीच्या दोन वेळांसारखाच, लाल शाईत एकच शब्द होता: पुरावा?

जुने चित्रपट जतन करणाऱ्या या संस्थेत ती अकरा वर्षं फिल्मची रिळं तपासत, पुसत आणि जोडत आली होती. फिल्म चिकटवायच्या द्रावणाचा वास तिच्या कपड्यांतून जात नसे, म्हणून डिंकताई. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण आता घरचेसुद्धा चेष्टेत तेच म्हणत.

पुढच्या आठवड्यात तळमजल्यावर प्रदर्शन भरणार होतं. संगीत, सिनेमा आणि इतिहासातल्या नामवंत स्त्रिया. बारा जणी, बारा भिंती. अकरा भिंती कधीच भरल्या होत्या. गायिका होत्या, नट्या होत्या, एक राणी तलवारीसकट होती. बारावी भिंत रिकामी होती आणि तिथे डिंकताईने आपल्या सासूचं नाव सुचवलं होतं. सासूबाईंनी चाळीस वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून सिनेमे कापले आणि जोडले. पडद्यावर मात्र ‘संकलन’ या शब्दाखाली प्रत्येक वेळी सासऱ्यांचं नाव यायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, पण नागोबा आता हयात नव्हते आणि नवऱ्यासमोर त्यांच्याविषयी काही बोलायची सोय नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

ती अर्ज घेऊन खाली गेली. प्रदर्शनाच्या प्रमुख बाई शिडीखाली उभ्या राहून राणीचा फोटो सरळ करून घेत होत्या.

“ताई, माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण विश्वासाला खिळा मारता येत नाही ना.”

“आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.”

“घरात माहीत असणं हा पुरावा नाही. त्यात तुम्ही त्यांच्या सूनबाई. लोक म्हणतील, घरचंच माणूस घुसवलं.”

“सून सासूचं कौतुक करतेय, यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवाय तुम्हाला?”

प्रमुख बाई हसल्या, पण अर्ज काही त्यांनी हातात घेतला नाही. “ते ताटांचं दृश्य त्यांनीच कापलंय एवढं सिद्ध करा, भिंत त्यांची. उद्या दुपारपर्यंत. नाही तर मी तिथे नकाशा लावते.”

ताटांचं दृश्य सिनेमा शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. एक बाई दोन ताटं मांडते आणि वाट बघते. तीन मिनिटं, एक्केचाळीस तुकडे, शब्द एकही नाही. शेवटी ती दुसरं ताट उचलून आत नेते आणि बघणाऱ्याचा घास घशात अडकतो. सासऱ्यांनी त्या तीन मिनिटांवर देशोदेशी भाषणं दिली होती. सासूबाई त्या वेळी घरी बसून त्यांच्या कोटाची बटणं घट्ट करत.

वर येताना जिन्यातच तिला सुचलं. कागद नसेल तर नसू दे, हात तर आहे. सासूबाईंच्या खोलीत एक नियम होता: जो कापेल त्यानेच जोडायचं. आणि जोड लावताना फिल्मच्या टोकाचा थर पात्याने खरवडावा लागतो. त्या खरवडण्याचे बारीक ओरखडे जोडाच्या आत कायमचे राहतात. भिंगाखाली धरले की ते कुणाचे, हे डिंकताईला अक्षर ओळखावं तसं ओळखता येई. त्या सिनेमाची कापलेली-जोडलेली मूळ प्रत, दहाच्या दहा रिळं, तिच्याच कपाटात होती.

ती प्रत म्हणजे तिची इथली पहिली कामगिरी. डबे उघडले तेव्हा सगळी रिळं तेलकट, बुरशी धरलेली होती. तिने तीन महिने खपून इंच न् इंच पुसला होता. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला असते ती कोरी पट्टी तर मळकट, वळलेली, पेन्सिलीने गिचमिडलेली होती. नियमाप्रमाणे त्या दहाही पट्ट्या कापून टाकून तिने नव्या पांढऱ्याशुभ्र पट्ट्या जोडल्या आणि त्यांवर छापील चिठ्ठ्या लावल्या. त्याबद्दल तिला प्रशस्तिपत्र मिळालं होतं. नवऱ्याने ते हौसेने चौकट करून दिवाणखान्यात टांगलं होतं.

ती त्या दिवशी लवकर निघाली. पर्समध्ये रद्दी फिल्मचे तुकडे, एक पातं आणि द्रावणाची बाटली होती.

सासूबाई खिडकीशी बसून शर्टाची कॉलर उसवत होत्या. ब्याऐंशीव्या वर्षीही त्यांना दुसऱ्याने घातलेली शिवण सहन होत नसे.

“परत आला ना अर्ज?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“चपला काढल्यास की फेकल्यास, तेवढं ऐकू येतं मला अजून.”

डिंकताईने तुकडे त्यांच्यापुढे मांडले. “आई, एक जोड लावून दाखवा.”

“कशाला?”

“तुमचा हात ताडून बघायचाय. उद्या दुपारच्या आत.”

“तुला सांगितलंय ना, मला भिंतीवर जायची घाई नाही. जाईन एक दिवस फोटोतून. हार घालून लावा तेव्हा.”

“चोपन्न वर्षं त्या सिनेमावर बाबांचं नाव आहे. तुम्हाला काहीच वाटत नाही?”

कात्री थांबली. “वाटतं,” सासूबाई म्हणाल्या. “वाटून वाटून गुळगुळीत झालंय.”

डिंकताईला रडूच आलं, पण ते रागाचं होतं. महिनाभर ती या बाईसाठी भांडत होती आणि ही बाई जागची हलायला तयार नव्हती. पालथ्या घड्यावर पाणी. तिने तुकडे गोळा करायला हात पुढे केला, तेवढ्यात सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पातं उचललं.

मग त्यांना काही सांगावं लागलं नाही. उजव्या हाताने त्यांनी टोक ओलं केलं, चार झटक्यांत खरवडलं, द्रावणाचा थेंब लावला आणि दुसरं टोक वर दाबून धरलं. ओठ हलत होते.

“दहापर्यंत मोजायचं,” त्या म्हणाल्या. “हे नेहमी सातला सोडायचे.”

त्यांनी पट्टी दोन्ही हातांनी ताणून बघितली. जोड पक्का बसला होता. क्षणभर त्यांचा चेहरा तिशीतल्या बाईसारखा दिसला.

“कुठलं रीळ बघणार आहेस?”

“सातवं. ताटांचं.”

सासूबाईंनी कॉलर उलटीसुलटी करून पाहिली. “सगळीच बघ ना मग,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा उसवायला लागल्या.

सकाळी आठ वाजता डिंकताई भिंगासमोर बसली होती. एका बाजूला सासूबाईंचा कालचा जोड, दुसऱ्या बाजूला पहिलं रीळ. ओरखडे तसेच होते. चार झटके, उजवीकडे झुकलेले, शेवटचा किंचित आखूड. दुसऱ्या रिळातही तेच. तिसऱ्यात, चौथ्यात तेच. चोपन्न वर्षांत त्या हाताने आपली सवय सोडली नव्हती. सहावं रीळ संपवताना ती एकटीच मोठ्याने हसली.

सातव्या रिळाचा पहिला जोड भिंगाखाली आला आणि तिला वाटलं, फिल्म उलटी चढली. तिने ती काढली, कडेचे आकडे बघितले, पुन्हा चढवली. उलटी नव्हती. ओरखडे डावीकडे झुकलेले होते. बारीक, एकसारखे, सासूबाईंच्या झटक्यांपेक्षाही हलके. दुसरा जोड तसाच. दहावा तसाच. ताटांच्या दृश्याचे सगळे चाळीस जोड डाव्या हाताने लावलेले होते. आठव्या रिळापासून सासूबाईंचा हात परत सुरू होत होता.

सासूबाई उजव्या हाताच्या. सासरेही उजव्या हाताचे, आणि सातला सोडणारे.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तिने खुर्ची मागे ढकलली. तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, झालं का?” प्रमुख बाईंनी विचारलं.

“होतंय.”

पहिल्या सहा रिळांचे फोटो दाखवले असते तर काम भागलं असतं. ओरखडे कुठल्या बाजूला झुकतात हे सातव्या रिळात शोधायला त्या इमारतीत दुसरं कोण जाणार होतं? डिंकताईने अर्ज पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मग पर्स उचलून ती तडक घरी गेली.

“सातवं रीळ तुमचं नाही,” तिने दारातूनच सांगितलं.

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. चहात साखर घालू का विचारल्यावर म्हणावं, तसं.

“मग इतके दिवस मला का नाचवलंत? सांगायचं होतंत ना!”

“बस आधी.”

ती बसली नाही. सासूबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं.

“तुझा नवरा झाला तेव्हाची गोष्ट. पंधरा दिवस मी दवाखान्यात. सहा रिळं कापून गेले होते. आमच्याकडे एक मुलगी होती, वीस-एकवीसची. फिल्म पुसायची, डबे भरायची. डावखुरी होती म्हणून सगळे तिला डावरी म्हणायचे. मी परत आले तर सातवं रीळ तयार. तिने कापलेलं, न विचारता. मी मशीनवर चढवलं, म्हटलं, चुका काढते आणि हातात देते हिच्या. तीनदा बघितलं गं. एक जोड हलवता येईना. त्याचाच राग आला.”

“मग?”

“मग हे आत आले. त्यांनी बघितलं. म्हणाले, छान कापलंस, जायच्या आधी करून गेलीस वाटतं. आणि मी गप्प बसले.” सासूबाईंनी मांडीवरचे दोरे वेचले. “ती तिथेच उभी होती. हातात फडकं घेऊन.”

“काही बोलली नाही?”

“कुणापुढे बोलणार? महिनाभराने यायची बंद झाली. कुणी विचारलं नाही. मीही नाही. सिनेमा लागला, नाव यांचं लागलं आणि मी जन्मभर यांच्यावर चिडून राहिले. ती कुणावर चिडली असेल, याचा विचार टाळला. म्हणून म्हणत होते, नको मला तुझी भिंत.”

डिंकताई आता बसली. तिला सासूवर ओरडायचं होतं, पण समोर बसलेली बाई एकदम फार म्हातारी दिसत होती. तिने पर्समधून अर्ज काढला, मांडीवर सरळ केला आणि सासूबाईंच्या नावावर एक रेघ मारली. सासूबाई बघत होत्या. त्यांनी मान हलवली.

“तिचं नाव काय होतं, आई?”

सासूबाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले, थांबले, परत हलले. “डावरी,” त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून बराच वेळ बसल्या. “अगं, सगळे डावरीच म्हणायचे. हजेरी यांच्याकडे असायची. मी कधी...”

“आठवा ना.”

“आठवतेय गं! येत नाहीये.”

घड्याळात पावणेबारा झाले होते. डिंकताईने पेन रिकाम्या जागेवर टेकवून धरलं होतं.

सासूबाईंनी एकदम डोळे उघडले. “थांब, असेल की नाव! आमच्याकडे पद्धतच होती. ज्याने रीळ कापलं, त्याने सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर आपल्या हाताने पूर्ण नाव लिहायचं. जोड तुटला तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळायला नको? बाकीच्या नऊवर माझं, सातव्यावर तिचं. मी बघितलंय, पिवळ्या पेन्सिलीने, मोठ्ठ्या अक्षरांत. मी गप्प बसले, पण ते पुसलं नाही हो मी. तेवढं पाप नाही केलं.” त्यांनी सुनेचा हात धरून हलवला. “जा, बघ जा लवकर. तुझ्याच कपाटात आहे ना सगळं? असेल ना अजून?”

त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर प्रशस्तिपत्र होतं. काच सकाळीच पुसलेली होती आणि तिच्याखाली डिंकताईचं नाव होतं, पूर्ण, ठळक अक्षरांत.

“बघते, आई,” ती म्हणाली. दाराशी जाऊन तिने चपला घातल्या, आवाज होणार नाही अशा.