दुसऱ्या जातीचा लॅपटॉप

सुचितानं तो लॅपटॉप नको म्हणायला पाहिजे होता. पण नको म्हणायला तोंड लागते, आणि अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागलेल्या विधवेचं तोंड सासरच्यांच्या ना-हरकतीखाली दबलेलं असते.

नवरा गणेश खामगावच्या एका सरकारी कचेरीत क्लार्क होता. तो गेला आणि त्याच्या जागी ही लागली. धाकटा दीर राजकुमार पुण्यात कम्प्युटरच्या कंपनीत. त्यानं ना-हरकतीवर मुकाट्यानं सही केली, तेव्हा सगळ्या उंद्री गावानं त्याची वाहवा केली. सहीच्या बदल्यात त्यानं काही मागितलं नाही. तिथंच घात झाला. मागितलं असतं तर देऊन मोकळं होता आलं असतं.

नोकरीला अट एकच होती. मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर घरचा रस्ता. आता गंमत पाहा. कचेरीतलं सगळं टायपिंग ठेक्यावरचा ऑपरेटर करायचा, त्याच्या कम्प्युटरला हात लावायची कोणाला सोय नव्हती. सुचिताकडे आवक-जावक, म्हणजे दिवसभर टपालावर शिक्के मारणं. शिक्के मारणाऱ्या बाईला टायपिंग आलं नाही तर सरकार बुडते, असं कोण्या शहाण्यानं कुठंतरी लिहून ठेवलं होतं.

ती घरी गणेशच्या जुन्या लॅपटॉपवर बसायची. जाडजूड धूड, पंख्याची घरघर, बॅटरी मेलेली, लाइट गेली की खेळ खलास. पण त्याच्यात परीक्षेचंच सॉफ्टवेअर होतं आणि परीक्षेतलीच, जुन्या टाइपरायटरसारखी अक्षरांची जागा होती. बोटं बसत आली होती.

महालक्ष्म्यांना राजकुमार आला तो पातळ, चंदेरी लॅपटॉप घेऊन.

"वहिनी, तो डबा द्या इकडे. तो एक्सचेंजमध्ये घालतो. हा वापरा, आयुष्यभर बघावं लागणार नाही."

"भाऊजी, मले जमन काय हा?"

"लहान पोरांना जमतं हो."

सासू अन्नपूर्णाबाईनं लॅपटॉपला हळदकुंकू लावलं आणि शेजारच्या शालूबाईला हाक मारली. "पाय व शालू, माह्या राजूनं भावजयीसाठी काय आणलं. कोण करते आजकाल?"

जुनं धूड राजकुमारच्या गाडीतून गेलं.

नव्याची जातच वेगळी होती. परीक्षेचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चढेना. मराठी मात्र भराभर उमटायची. इंग्रजी के दाबला की क, एम दाबला की म. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते आवडलं. आवाज नाही, लाइट गेली तरी चालू. बाईमाणसाच्या वाट्याला नवी कोरी वस्तू येते कधी? ती त्याच्यावर रोज बसायला लागली, हात पळायला लागला, आणि आपण परीक्षेच्या जवळ चाललो असं तिला वाटत राहिलं.

कचेरीतले मोठे बाबू सुधाकरराव. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "तयारी कशी काय?"

"चांगली चालू आहे काका. के दाबला की क येते, सोपं आहे."

सुधाकररावांचा घास हातातच राहिला. "काय बोलून राह्यली तू पोरी? परीक्षेतलं मशीन तुह्या दिराच्या घरचं आहे काय? तिथं के दाबला तं काना उमटते."

ती घरी आली आणि दवाखान्याच्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे करून त्यांच्यावर जुनी अक्षरं लिहिली, एकेका बटणावर चिकटवली. पण वर काहीही चिकटवा, आत जे आहे तेच पडद्यावर येणार. जिथं क असायचा तिथं द निघत होता. म्हणून तिनं पडद्यावर टॉवेल टाकला आणि आंधळ्यासारखी बोटं मारत राहिली. बरोबर की चूक, सांगायला कोणी नाही. खामगावच्या टायपिंग क्लासात जागा होती ती संध्याकाळच्या बॅचला, आणि तिची उंद्रीची गाडी त्याच टायमाला.

दिवाळीत राजकुमार आला आणि त्यानं त्या पट्ट्या नखानं सोलून काढल्या.

"अहो वहिनी, काय अवस्था केली याची? किती नाजूक असतं हे."

"भाऊजी, मले तो जुनाच पाहिजे होता. परीक्षेत हे असं येत नाही."

"तो केव्हाच गेला. आणि ती टाइपरायटरची अक्षरं? जगात कोण वापरतं आता?"

"सरकार वापरते."

राजकुमार खो-खो हसला. वहिनीनं मस्त जोक मारला म्हणून बायकोला जाऊन सांगितला. याच्यात काहीतरी सॉफ्टवेअर टाकून देतो म्हणाला आणि फराळाचा डबा घेऊन पुण्याला गेला. त्यानं काही टाकून दिलं नाही.

परीक्षेच्या दिवशी पहिलाच शब्द 'कार्यालयीन'. बोट के वर गेलं, काना उमटला. मिटवला. मग जुनी जागा आठवेना. नव्या जागेवर जायचं बोट थांबत नव्हतं. दोन्ही एकमेकींच्या अंगावर पडल्या. शेजारच्या पोरी तडातड मारत होत्या आणि सुचिताच्या पडद्यावर नुसते काने उभे राहिले होते, व्यंजनाशिवाय. घड्याळ शून्यावर आलं तेव्हा ती पहिल्या ओळीतच होती.

मुदतीतली ती शेवटची परीक्षा होती. सेवा समाप्तीचा कागद सुधाकररावांनी हातात दिला. "साहेबाले लय बोललो मी," म्हणाले. "नियम आहे म्हणते." मग ते तिथंच उभे राहिले. जायला त्यांचा पाय उचलेना.

रविवारी राजकुमारचा फोन आला.

"वहिनी, ऐकलं मी. फार वाईट झालं. आता तुम्हाला लॅपटॉप तसा लागणार नाही, तर आमच्या गार्गीच्या शाळेसाठी घेऊन जाऊ का? आणि एक बोलू? तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

सुचिता चुलीजवळ उभी होती. हात पिठाचा.

"सांगतलं होतं भाऊजी."

"हं? आवाज तुटतोय. बरं, आईला द्या जरा."

तिनं फोन सासूकडं दिला.