बाहुली आवळली

रंगूबाईचा उजवा डोळा भाताच्या कुसळाने कधीच घालवला होता. डाव्यातला मोतीबिंदू काढला तेव्हा भिंग बसलंच नाही, म्हणून नाकावर हा जाडजूड चष्मा आला. आता त्यातूनही बांध कुठला नि वहाळ कुठला ते कळेना. मुंबईच्या लेकाने, प्रवीणने, बजावून ठेवलं होतं, "आता भिंग बसवायच्या ऑपरेशनने दिसलं तर राहा वाडीत एकटी. नायतर मुकाट माझ्याबरोबर चल." मुंबई! तिसऱ्या मजल्यावरची खोली! त्यापेक्षा आंबेनळी घाटाच्या दरीत ढकल म्हणावं.

महाडच्या डॉक्टर अनुपमाबाईंनी समजावलं होतं, "आजी, नवं भिंग बाहुलीभोवतीच्या पडद्याला अडकवायचं. ऑपरेशन चालू असताना मी एक औषध सोडते, त्याने बाहुली आवळते. नाही आवळली, तर भिंग बसवता येत नाही."

शेजारची गोदूबाई म्हणजे मोठ्या मनाची बाई. निघायच्या सकाळी ती आपल्या ऑपरेशनची उरलेली बाटली घेऊन आली. "दोन थेंब घालते गो. डोळा कसा टक्क उघडा राहील!" वाडीत मीठ-मिरचीसारखं औषधही वाटून घ्यायचं, त्यात विचारायचं काय?

टेबलावर डॉक्टरबाईंनी बॅटरी मारली. बाहुली ही एवढी मोठी, हलायला तयार नाही. "डोळ्यात काय घातलंत?"

रंगूबाईने मनात हिशेब केला. खरं सांगितलं तर आजचं ऑपरेशन गेलंच! पण उरलेला एकच डोळा होता तो. "शेजारणीचं औषध, बाय. दोन थेंब."

"बरं झालं बोललात. ते बाहुली मोठी करायचे थेंब; त्यांचा असर उतरेपर्यंत माझं औषध चालायचं नाही. पंधरा दिवसांनी या."

ऑपरेशनसाठी मुंबईहून आलेला प्रवीण बाहेर तणतणला. "पुरे झालं! चल मुंबईला."

"पंधरा दिवस म्हंजे पंधरा दिवस. तवर मी हलणार नाय!"

त्या पंधरा दिवसांत तिने डोळ्याला गोदूबाईचा वाराही लागू दिला नाही. मग पुन्हा तेच टेबल. डोळा बधिर, कान मात्र टवकारलेले.

"औषध सोडतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. रंगूबाईला दम धरवेना.

"आवळली का गो बाय?"

"गप्प पडा आजी. आवळली! कशी छान, मोहरीएवढी!"

भिंग बसलं, पुढची तपासणीही झाली नि मायलेक महाडच्या डेपोत येऊन उभे राहिले. प्रवीणने विचारलं, "नीट दिसतंय ना?"

तिने त्याच्याकडे पाहिलं नि तिला भडभडून आलं. "केस पिकले की रे तुझे! मला कुणी सांगितलं नाय?"

तो काही बोलणार, तोच वाडीकडे जाणारी पोलादपूरची एसटी लागली. तिनेच ती आधी पाहिली. "येते मी. तू जा मुंबईला, नि डोक्याला मेंदी लाव!" असं म्हणत ती कुणाचा हात न धरता वर चढली नि तिने खिडकीची जागा पटकावली.