बाभळीच्या सालीचा निकाल

लालासाहेबांनी काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरली आणि संयोगिताबाईंचं पत्र त्यांना पुन्हा आठवलं. दिवाळीत आलेलं. गुढीपाडवा उलटला तरी उत्तर गेलं नव्हतं.

‘फलटणला आल्यापासून बाभळीच्या सालीच्या काढ्यानं चुळा भरते. दाताची कीड थांबते का हो यानं? थोडी साल पाठवते आहे. तुम्ही तपासून सांगाल ते खरं. घर आता फार मोठं वाटतं.’

सांगलीच्या कॉलेजात दोघांनी निवृत्तीपर्यंत एकाच टेबलावर जिवाणूशास्त्र शिकवलं होतं. टेबलापलीकडचं कधी बोलणं झालं नाही. बाईंच्या मागं-पुढं कुणी उरलं नव्हतं. लालासाहेबांना तर आधीपासूनच नव्हतं.

आता तिथली प्रयोगशाळा त्यांची विद्यार्थिनी अपेक्षा सांभाळत होती. दात किडवणाऱ्या जिवाणूंवर ती चुळा भरायची औषधं तपासत होती, त्यातच तिनं सरांच्या काढ्यालाही जागा दिली. बशीतल्या दुकानी औषधाभोवती जिवाणू मरून स्वच्छ कडं उमटलं होतं. काढा ओतलेल्या खळग्याला मात्र जिवाणू अगदी काठापर्यंत भिडले होते.

“सर, तिसऱ्यांदा तेच. आता तरी मानाल?”

“मानलं.”

“मग कळवा मॅडमना.”

“कळवायचंच आहे गं. पण दर खेपेला वेगळंच लिहून होतं.”

“म्हणजे?”

लालासाहेब बशीवरचं झाकण उगीच नीट करत राहिले. तीनदा सारखं आल्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नाही, ही शिस्त त्यांचीच. पत्रालाही त्यांनी तीच लावली होती. एकदा लिहायचं, बाजूला ठेवायचं, न बघता पुन्हा लिहायचं. कधी नुसता काढा यायचा, कधी हवापाणी, कधी भलताच धीटपणा. तो तर फाडूनच टाकावा लागायचा.

अपेक्षा म्हसवडची. हसू आवरेनासं झालं की गावचं बोलायची.

“आवं सर, मॅडम काय प्लेट हायती व्हय, तीन-तीनदा लावून बघायला?”

तेही कसनुसं हसले.

“आन् तिकडं त्या रोज सकाळी ते कडू पाणी तोंडात धरून बसत असतील. तुमच्या भरवशावर.”

लालासाहेबांचं हसू ओसरलं. त्यांनी बशी खाली ठेवली, छत्री उचलली आणि ते जिना उतरले.

पोस्टात त्यांनी साधं कार्ड घेतलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं: ‘काढ्याचा उपयोग नाही, बंद करा. दात डॉक्टरांना दाखवायला हवा. एकट्या जाऊ नका. मंगळवारच्या सकाळच्या एसटीनं मी येतो आहे.’

वाचून पाहावं म्हणून त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. बाहेर पोस्टमन पेटी रिकामी करत होता.

“टाकायचंय का आजोबा? निघालो मी.”

त्यांनी कार्ड त्याच्या हातात दिलं. मजकुराची बाजू वर होती. पोस्टमननं चालता चालता ते वाचलं, मागं वळून पाहिलं. लालासाहेबांनी मान खाली घातली नाही.