सुरातलं पिस्तूल

वेंडेल प्रूइट थाप मारायच्या इराद्याने जेवायला गेला नव्हता. कूलमनांच्या टेबलावर सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड वाढून झालं होतं. मार्लीसने टेबलाखाली त्याचा हात धरला होता, आणि आता 'आम्ही लग्न करतोय' एवढं एक वाक्य बोलायचं बाकी होतं. तेवढ्यात तिच्या वडिलांनी, ऑटो कूलमन यांनी, सुरी खाली ठेवली आणि थेट त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं,

"तू कुठलं बाळगतोस?"

टेक्सासमधल्या त्या गावात हा प्रश्न विचारताना 'पिस्तूल' हा शब्द घालावा लागत नाही.

वेंडेल पियानो सुरात लावून द्यायचा. चर्चमधले, शाळेतले, म्हाताऱ्या शिक्षिकांच्या घरातले. चौतीस वर्षांत त्याने हातात धरलेलं सगळ्यात धोकादायक हत्यार म्हणजे तारा पिळायची किल्ली.

"घरी असतं," तो म्हणाला.

"कुठलं?"

"मोठं."

टेबलाखाली मार्लीसने हात सोडून दिला.

"छान," ऑटो म्हणाले. "पंधरा दिवसांनी बार्बेक्यू आहे. घेऊन ये. तव्यावर एक गोळी मार, मग बघू तुमचं काय ते."

ऑटोंच्या बार्बेक्यूला, म्हणजे अंगणातल्या भाजलेल्या मांसाच्या मेजवानीला, गावातले सगळे पुरुष बार्बेक्यूचं पिस्तूल लावून येत. रोजचं साधं पिस्तूल वेगळं आणि हे वेगळं. चांदीची वेलबुट्टी, हस्तिदंती मूठ, तेल लावून चमकवलेला कातडी पट्टा. जेवण झालं की अंगणातल्या ओकच्या झाडाला टांगलेल्या लोखंडी तव्यावर प्रत्येकाने एकेक गोळी झाडायची. पहिली गोळी यजमानाची. आणि नियम असा, की ऑटोंच्या अंगणात कुणी कान झाकायचे नाहीत. कानात बोळे घालून आलेला पाहुणा म्हणजे घरून डबा घेऊन आलेला पाहुणा. ऑटो स्वतः चाळीस वर्षं उघड्या कानांनी गोळ्या झाडत आले होते. परिणामी, त्यांना थोडं कमी ऐकू येतं असं गाव म्हणे. त्यातलं 'थोडं' आदरापोटी होतं.

बाहेर आल्यावर मार्लीसने त्याला फैलावर घेतलं.

"मोठं? अरे, 'नाही' म्हणता येत नव्हतं का तुला?"

"तू बघितलंस ना ते कसे बघत होते? तुझं देतेस का एक दिवस?"

"माझं त्यांनीच दिलंय मला, सोळाव्या वाढदिवसाला. मुठीवर माझं नाव आहे, फुलंपण आहेत. लावून जा, शोभेल तुला."

असा वेंडेल दुसऱ्या दिवशी मिस नेडीन स्ट्राउडच्या दुकानात जाऊन उभा राहिला. दुकानात एका बाजूला बंदुका आणि दुसऱ्या बाजूला कोंबड्यांचं खाद्य मिळे. मधल्या बाकावर डब आणि लेम्युएल हे दोघे भाऊ सकाळी सातपासून फुकटची कॉफी पीत बसलेले असत. मिस नेडीन (तिकडे आजीलाही 'मिस'च म्हणतात) सत्तरीच्या होत्या आणि काउंटरमागे नातवासाठी मोजे विणत होत्या.

"पहिलंच?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"हो, मॅडम."

"कशासाठी हवंय?"

"सासऱ्यांसाठी."

सुया थांबल्या.

"म्हणजे दाखवायला," वेंडेल घाईघाईने म्हणाला. "त्यांना नुसतं दाखवायचंय."

"मारायला येतात ते निदान खरं सांगत नाहीत," मिस नेडीन म्हणाल्या. "दाखवायला आलोय म्हणणारा तू पहिलाच. हात दाखव."

वेंडेलने हात पुढे केले. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले, बोटं ताणून पाहिली. बाकावरून लगेच सल्ले सुरू झाले.

"मोठंच दे त्याला," डब म्हणाला. "लहान पिस्तुलाचा धक्का वाईट. माझ्या मेव्हण्याने खिशात मावेल असं घेतलं, पहिल्याच गोळीला दात पडला त्याचा."

"दात आधीच हलत होता," लेम्युएल म्हणाला. "रिव्हॉल्व्हर दे, नेडीन. नवशिक्याला रिव्हॉल्व्हर. त्यात बिघडण्यासारखं काही नसतं."

"तुझं बिघडलं होतं."

"त्यात मधमाश्यांनी घर केलं होतं. तो काय पिस्तुलाचा दोष?"

मिस नेडीनने काउंटरवर हिरवं कापड पसरलं आणि एकेक पिस्तूल आणून मांडलं. प्रत्येक वेळी आधी उघडून रिकामं असल्याचं स्वतः बघायच्या, मग त्याला बघायला लावायच्या, मगच हातात द्यायच्या. "भरलेलंच आहे असं समजायचं. बोट चापावर नाही. तोंड भिंतीकडे. लेम्युएलकडे नाही, तो कितीही बोलला तरी." पहिल्याची मूठ जाड निघाली. दुसरं हातात इतकं हलकं लागलं की वेंडेलला आपण ते दुकानातच विसरून जाऊ असं वाटलं. तिसरं गुलाबी होतं, त्यावर कुणीच काही बोललं नाही.

चौथ्याची स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, त्याने मागे ओढून सोडली आणि त्याची मान तिरकी झाली.

"काय झालं?"

"उतरलंय हे."

"काय उतरलंय?"

"सूर," वेंडेल म्हणाला. "मागे जाताना ठीक आहे, पुढे येताना अर्धा सूर उतरतंय."

बाकावरची कॉफी पिणं थांबलं. मिस नेडीनने पाचवं दिलं. ते चढं होतं. सहावं खरखरत होतं. सातवं सुरात होतं, पण त्याच्या चापाचं आणि स्लाइडचं आपसात जमत नव्हतं.

"माझं ऐक जरा," डब उठून म्हणाला. त्याने कमरेचं काढलं, मिस नेडीनने ते त्याच्या हातातून घेऊन रिकामं केलं आणि वेंडेलच्या कानाजवळ खटकन ओढलं.

"बेसूर आहे," वेंडेल म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं.

डबचा चेहरा पडला. बावीस वर्षं ते पिस्तूल त्याच्या कमरेला होतं. लेम्युएलने लगेच आपलं पुढे केलं. ते सुरात निघालं, आणि डब भावाशी गुरुवारपर्यंत बोलला नाही. दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. कोंबडीखाद्याच्या पोत्यांपर्यंत रांग लागली. माणसं आपापली पिस्तुलं ऐकवून घेऊ लागली आणि मिस नेडीन ती रिकामी करता करता घामाघूम झाल्या. चर्चच्या पाद्रींचं इतकं सुंदर वाजलं की रांगेतल्या दोन बायकांनी 'आमेन' म्हटलं. शेरीफने आपलं मागच्या दाराने आणून गुपचूप ऐकवलं आणि निकाल कुणाला सांगायचा नाही असं वचन घेतलं.

संध्याकाळी, एकविसाव्या पिस्तुलाशी, वेंडेलचं जमलं. काळं, साधं, बेताचं. ओढलं की एक स्वच्छ सूर यायचा आणि चाप दाबल्यावर त्याच सुराचा मंद्र. त्याने अर्ज भरला. मिस नेडीनने फोन लावला आणि हा इसम निरुपद्रवी असल्याचं सरकारने बारा मिनिटांत कळवलं.

"निवडायची ही रीत मी पन्नास वर्षांत ऐकली नाही," मिस नेडीन म्हणाल्या. "पण हातात बसतंय, म्हणून देते. झाडून बघितलंस का कधी? ये मागे."

मागच्या मैदानात त्यांनी त्याच्या कानांवर लालभडक झाकणं चढवली. त्याने एक गोळी झाडली. झाकणांतूनही तो आवाज छातीवर आदळला आणि वेंडेलने पिस्तूल लगेच खाली ठेवलं. उघड्या कानांनी हे ऐकलं तर? एका गोळीने कानात कायमची शिट्टी बसलेले लोक त्याला माहीत होते. तारांचा तो केसाएवढा फरक पुन्हा ऐकू आला नाही तर तो कोण उरणार होता? ज्याला दुसरं काहीच येत नाही असा एक माणूस.

"ऑटोकडे ही झाकणं चालत नाहीत," मिस नेडीन म्हणाल्या. मग झाकणं त्याच्या पिशवीत टाकून वर म्हणाल्या, "असू देत तरी."

बार्बेक्यूच्या आदल्या दिवशी वेंडेल कूलमनांकडे पियानो लावायला गेला. गेली आठ वर्षं तो दर वसंतात हे करत होता. मार्लीस त्याला भेटली ती तिथेच. पियानो तिच्या आईचा, हिल्डाबाईंचा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती, पण ऑटोंनी एक वर्षही चुकवलं नव्हतं. ते शेजारी खुर्ची टाकून बसत, लाकडावर तळहात ठेवत, आणि वेंडेलचं काम अर्ध्यावर असतानाच म्हणत, "वा, आता छान लागला." वेंडेलला ते नेहमी घाई करतायत असं वाटे.

शनिवारी अंगणात चाळीस माणसं होती. मांस चौदा तास शिजत होतं. पट्ट्यांवरची चांदी उन्हात चमकत होती. फक्त डब रिकाम्या कमरेने फिरत होता आणि पिस्तूल दुरुस्तीला दिलंय असं न विचारता सांगत होता. जेवण झालं. माणसं रांगेत उभी राहिली, बायकामुलं मागे गेली. ऑटो पुढे आले, नेम धरला, गोळी झाडली.

वेंडेल घराच्या पार मागच्या बाजूला, कानांवर दोन्ही हात दाबून उभा होता. गोळीचा आवाज त्याला आला. तव्याचा आला नाही.

"लागली!" चाळीस माणसं एकदम ओरडली.

ऑटोंनी समाधानाने मान हलवली. "जावईबापू!" ते गरजले. "या आता!"

वेंडेल पुढे आला. त्याने पिशवीतून पिस्तूल काढलं, जमिनीकडे धरलं, आणि दुसऱ्या हाताने लाल झाकणं काढून डोक्यावर चढवली.

"ते काय आहे?" ऑटोंनी विचारलं.

"कान झाकायला, सर."

"काढ ते. माझ्या दारात असली थेरं चालत नाहीत. मी चाळीस वर्षं उघड्या कानांनी झाडतोय आणि आजही तव्याचा ठणकार खणखणीत ऐकलाय!"

वेंडेलने मार्लीसकडे पाहिलं. ती डोळे मिटून उभी होती. झाकणं काढली की लग्न होतं आणि कान जात होते. नाही काढली की कान राहात होते. आपण काय करतोय ते त्याला कळलं तेव्हा वाक्य तोंडातून निघून गेलं होतं.

"ठणकार झालाच नाही, सर. तव्याला लागलीच नाही."

ऑटो त्याच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी प्रत्येक अक्षर वाचलं.

मग ते वळले. चाळीस माणसं आपापल्या बुटांकडे बघत होती. "केव्हापासून?" त्यांनी विचारलं. शेवटी मिस नेडीन पुढे आल्या आणि त्यांना दिसेल असं सावकाश म्हणाल्या, "हिल्डा होती तेव्हापासून, ऑटो."

ऑटोंनी पिस्तूल पट्ट्यात घातलं आणि ते घरात गेले. दाराशी थांबून त्यांनी वेंडेलला बोटाने बोलावलं. मिस नेडीनने त्याचं पिस्तूल आपल्याकडे घेतलं. लोकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याचं मयत उद्याच आहे.

ऑटो पियानोपाशी उभे होते. तळहात त्याच्या लाकडावर.

"ती म्हणायची, ऑटो, कानात बोळे घाल. मी म्हणायचो, लोक हसतील." ते थांबले. "शेवटची नऊ वर्षं ती रोज संध्याकाळी वाजवायची आणि मी मान डोलवायचो. मला काही ऐकू येत नव्हतं. एक सूरसुद्धा नाही. तिला कळलं होतं का रे?"

वेंडेलने पट्ट्यांवरचं झाकण उघडलं. आठ वर्षं तो हा पियानो लावत होता आणि आठ वर्षं एक गोष्ट त्याला खटकत होती. तो बाजूला झाला, म्हणजे ऑटोंना पट्ट्या दिसतील आणि त्याचे ओठही.

"उजवीकडच्या पट्ट्या बघा, सर. कोऱ्या आहेत. आणि या डावीकडच्या बघा, किती झिजल्यात. खालच्या तारा मी दोनदा बदलल्या. हिल्डाबाई मला दर वेळी सांगायच्या, खालचे सूर दणदणीत लाव, वरचे मला लागत नाहीत. मला वाटायचं, काय विचित्र बाई आहे."

त्याने सगळ्यात खालची पट्टी दाबली. लाकूड घुमलं. ऑटोंच्या तळहातापासून कोपरापर्यंत काहीतरी चढत गेलं आणि त्यांचा बांध फुटला. म्हातारा माणूस असा रडतो हे वेंडेलला माहीत नव्हतं. त्याने बोट उचललं नाही.

बऱ्याच वेळाने दोघे बाहेर आले. मांस गार झालं होतं, पण कुणीही घरी गेलं नव्हतं. ऑटोंच्या डोक्यावर लालभडक झाकणं होती. त्यांच्या कानांत वाचवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, तरी त्यांनी ती नीट दाबून बसवली आणि माणसांकडे एकदा जरबेने पाहिलं. ज्यांचे हात मोकळे होते त्यांनी मुकाट्याने कान झाकले. वेंडेलने तर तळहात डोकं फुटेल इतके दाबले.

ऑटोंनी गोळी झाडली आणि वेंडेलकडे पाहिलं.

वेंडेलने नकारार्थी मान हलवली.

दुसरी झाडली. पुन्हा नाही. डबने सवयीने 'लागली' म्हणायला तोंड उघडलं, तर मिस नेडीनने त्याच्या पायावर पाय दिला. तिसरी, चौथी. पाचव्या गोळीला ओकच्या झाडावरून एक जाड, भरलेला सूर आला. काजळी झटकून तवा गोल गोल फिरत राहिला.

ऑटो तव्याकडे बघतच नव्हते. ते वेंडेलकडे बघत होते.

वेंडेलने होकारार्थी मान हलवली.

"लग्न जूनमध्ये," ऑटो मार्लीसला म्हणाले. "या घरात कुणाला तरी ऐकू यायला हवं."